परीक्षेची वासरं

त्या दिवसांत आमच्या घरी कुणीही आलं, अगदी विजेचा मीटर बघणारा आला, तरी पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "वासरं कशी आहेत?" माझी दाढ ठणकत होती, गाल टम्म सुजला होता, पण समोरच्या काकूंनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि माझ्या खांद्यावरून गोठ्याकडे मान लांब केली.

"खातायत ना नीट?"

"मी खात नाहीये, काकू. ती खातायत."

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या आणि समाधानाने घरी गेल्या.

वासरं आमची नव्हती, सरकारची होती. आमची स्वतःची जनावरं लाळ्या-खुरकुतात गेली. म्हणजे रोगाने गेली असं नाही, हुकुमाने गेली. एका गाईच्या जिभेवर फोड दिसला, नमुना तपासून आला आणि दुसऱ्याच दिवशी पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली माणसं दारात उभी राहिली. आजारी, धडधाकट, गाभण, सगळी एका रांगेत. एकाला झाला की सगळ्या गोठ्याचा निकाल, नियमच तसा. मग गोठा औषधाने धुतला, गव्हाणी खरवडल्या, चारा, शेण, दावी, खराटे, जे जे जनावराला लागलं होतं ते सगळं खड्ड्यात घालून जाळलं. कितीतरी दिवस घरात धुराचा वास होता. तो गेला तेव्हा गोठा नुसता भुताटकी झाल्यासारखा रिकामा पडून राहिला आणि मग एके दिवशी टेम्पोतून ही चार वासरं उतरली.

"यांना हा रोग कधी झालेला नाही आणि मुद्दाम लसही दिलेली नाही," सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं. "तुमच्या गोठ्यात रोग कुठे कणभर जरी उरला असेल, तरी तो यांना लागणार. मुदतभर ही ठणठणीत राहिली तर गोठा निर्धोक. मग तुम्ही तुमची जनावरं आणायची आणि सगळ्या परिसराची बंदीही उठेल."

आता कळलं ना, सगळ्यांना वासरांचा एवढा पुळका का होता ते? बंदी होती म्हणून आजूबाजूला कुणाला जनावर विकता येत नव्हतं, आणता येत नव्हतं, शेजारच्या रानात चारायला नेता येत नव्हतं. बाजार बंद. सगळ्यांचा जीव आमच्या दावणीला बांधून ठेवला होता.

आमचाही. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "ही चार निभावली तर पुन्हा गायी आणू. नाही निभावली तर गोठ्याला कुलूप. मी भावाच्या गोदामात कामाला जाणार, तू आणि बाबा मागून या." हे बोलतात कमी, पण बोलले की तसंच करतात. गोदामावरच्या दोन खोल्यांत बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. जन्मभर गोठ्यात राबलेला माणूस तिथे खिडकीशी बसून काय करील? मला ते चित्र पुरं करवेना.

वासरांवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा. थर्मामीटर वासराला तोंडात धरता येत नाही, तो जिथे लावायचा तिथे लावावा लागतो, आणि ह्यांना त्याची किळस. मग जीभ, हिरड्या, खुरांच्या बेचक्या तपासायच्या. गोठ्यात जाताना बूट बदलायचे, औषधाच्या पाण्यात बुडवायचे, बाहेरची वस्तू आत न्यायची नाही, आम्ही दोघं सोडून कुणी आत पाऊल टाकायचं नाही. नियमांच्या बाबतीत मी भलतीच खडूस. हे एकदा घरातल्या चपला घालून आत शिरले तेव्हा मी जो तोंडाचा पट्टा सोडला, त्यानंतर हे मला मॅडम नंबर दोन म्हणू लागले.

बाबांना मात्र काही सांगावं लागलं नाही. ती माणसं येऊन गेली त्या दिवसापासून त्यांनी गोठ्याकडे तोंडच केलं नव्हतं. अंगणात खुर्ची टाकायचे तीही पाठ तिकडे करून. आधी बाबा माणसांपेक्षा गायींशी जास्त बोलायचे. आता दोघांशीही नाही.

मुदत संपत आली होती. आमच्या बोलण्यात आता कुठल्या गायी आणायच्या हे यायला लागलं होतं, आणि ते आलं की मी विषय बदलायची.

त्या सकाळी मी नेहमीसारखी आत गेले. तीन वासरं गव्हाणीत तोंड घालून उभी होती. चौथी, कपाळावर पांढरा टिळा असलेली कालवड, मागे सरकून उभी. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, पार जमिनीपर्यंत.

आमच्या गाईचंही असंच सुरू झालं होतं. थर्मामीटर लावला तर ताप आहे म्हणावा तर आहे, नाही म्हणावा तर नाही. तोंड उघडायला गेले तर ती मला जवळ येऊ देईना, डोकं झटकून लाळ माझ्याच अंगावर उडवली.

"अहो!" मी ओरडले. "इकडे या आधी!"

हे आले, बघितलं आणि भिंतीला टेकले. "थांब जरा," म्हणाले. "दुपारपर्यंत बघू. रवंथ करताना येते कधीकधी."

"इतकी?"

"एकदा फोन केलास की परत नाही घेता येणार."

"मग काय लपवू? आणि उरलेल्या तिघांना लागलं म्हणजे?"

मी बूट काढले, हात धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन फोन लावला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, निघालेच, कुणालाही बाहेर जाऊ देऊ नका. फोन ठेवून वळले तर दारात बाबा उभे. हातात चामड्याचा पट्टा होता, गाईच्या गळ्यातला.

"हा कुठला?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. त्या बकलाला मीच दोरा गुंडाळला होता. आमच्या सगळ्यात जुन्या गाईचा, मोठीचा पट्टा.

"उशीच्या अभ्र्यात ठेवला होता," बाबा म्हणाले. "परवा तुम्ही दोघं चारा उतरवत होता ना, तेव्हा ती टिळावाली गोठ्याच्या फाटकाशी आली. हात चाटायला लागली. मी तिच्या गळ्यात घालून बघितला. फार मोठा झाला. तिने थोडा चघळला. मग काढून घेतला."

सगळं जाळलं होतं. खराट्याची काडीसुद्धा ठेवली नव्हती. आणि रोग लागलेल्या गोठ्यातला पट्टा इतके दिवस आमच्या घरात, उशीत!

मागून येऊन ह्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हे घर डोक्यावर घेणार. पण हे आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडमना यातलं काही सांगायचं नाही."

"अहो, पण..."

"ऐक. रोग असेल तर नमुन्यात दिसेलच. तो काही लपत नाही. आणि नसेल, तर पट्ट्याचं नाव काढून काय मिळवायचं? मुदत पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांची बंदी तशीच. लोक बाबांना रस्त्याने चालू देतील का?"

मी बाबांकडे बघितलं. सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात घातलेलं. ज्या माणसाच्या शब्दावर आजूबाजूचे लोक गाय पारखून घ्यायचे, त्यालाच आता लोक बोटं दाखवणार होते. ह्यांचं म्हणणं मला पटलं नव्हतं, पण ते खोडायचीही माझ्यात ताकद नव्हती. "द्या इकडे, जाळून टाकते," मी म्हटलं. बाबांनी पट्टा दिला नाही. तेवढ्यात बाहेर गाडी वाजली.

डॉक्टर मॅडम पांढरा पोशाख चढवून आत गेल्या. ह्यांनी कालवडीचं डोकं दाबून धरलं, मी तोंडावर बॅटरी धरली. उजेड भलतीकडेच जात होता. मॅडम म्हणाल्या, "ताई, मला जीभ दिसू द्या, छप्पर नको." त्यांनी जीभ एका बाजूला ओढली, हिरड्यांवरून बोट फिरवलं, मग जिभेच्या खाली चिमटा घातला. कालवडीने अंग झाडलं. चिमट्याला रक्त लागलेलं एक लांबलचक कुसळ होतं.

"हे बघा तुमचं दुखणं," त्या म्हणाल्या. "चाऱ्यातलं कुसळ रुतलं होतं. फोड नाही, काही नाही. खूरही स्वच्छ आहेत."

ह्यांनी कालवडीचं डोकं सोडलं आणि तिथेच ओल्या जमिनीवर बसकण मारली. मला हसू फुटलं, ते थांबेचना. दुखऱ्या गालावर हात दाबून मी हसत होते. कुंपणापलीकडे समोरच्या काकू उभ्या होत्या, त्यांना मी हातानेच सगळं ठीक म्हणून खूण केली.

मॅडमनी हातमोजे उतरवले. "फोन केलात ते उत्तम केलंत. एवढंच विचारते, प्रत्येक वेळी विचारावं लागतं. बाहेरची काही वस्तू, दुसरं कुणी माणूस, जुनं काही सामान, यातलं वासरांच्या जवळ आलं होतं का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "नाही."

एका शब्दाचं काम. तोही मीच बोलले, घरच्या चपलांवरून नवऱ्याचा उद्धार करणारी मी. आवाजसुद्धा हलला नाही माझा.

"ती खोटं बोलतेय, मॅडम."

बाबा फाटकाबाहेर उभे होते, गोठ्याकडे तोंड करून. पट्टा त्यांनी दोन्ही हातांत पुढे धरला होता. त्यांनी सगळं सांगितलं, उशीसकट. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग पिशवी उघडून पुढे केली, बाबांनी पट्टा आत सोडला, मॅडमनी तोंड बांधून ती दुसऱ्या पिशवीत घातली.

"याचे नमुने घेते. चारही वासरांचं रक्त पण," त्या म्हणाल्या. "आजोबा, आज तोंड स्वच्छ आहे, पण परवाचं लागलेलं आज दिसेलच असं नाही. मुदत आजपासून पुन्हा धरावी लागेल. माझा नाइलाज आहे."

त्यांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कुंपणाकडे बघितलं तर काकू निघून गेल्या होत्या. दुपारपर्यंत जिकडेतिकडे झालं. दिवसभरात एकही माणूस वासरांची चौकशी करायला फिरकला नाही. हे जेवले नाहीत, बापाशी बोलले नाहीत, गोठ्यातला सगळा चारा उपसून हाताने कुसळं निवडत बसले.

मी बाबांसमोर ताट आदळलं. मला संताप आवरेना. "कशासाठी बोलले मी खोटं? तुमच्यासाठीच ना? कुसळ निघालं होतं, सगळं निभावलं होतं. आणि तो पट्टा! एका पट्ट्यावाचून काय अडलं होतं तुमचं?"

बाबांनी ताटाला हात लावला नाही. माझ्याकडे न बघता बोलले.

"त्या दिवशी मोठी त्यांना हलेना. तुम्ही दोघं घरात होता. चारजणांनी ओढली, ढकलली, ती पाय रोवून उभी. मग त्यांच्यातला एकजण माझ्याकडे आला. चांगला मुलगा होता, हात जोडून म्हणाला, आजोबा, तुम्ही एकदा हाक मारा. मी मारली. लगेच आली. धारेला यायची तशी, मान हलवत. मी पट्टा काढला तेव्हा माझा हात चाटत होती." त्यांनी हात सदऱ्याला पुसला. "तुझ्या खोट्याने ही चार आज वाचली असती. मग तुम्ही नव्या गायी आणल्या असत्या, मी त्यांना हाका मारून मारून सवय लावली असती. आणि रोग आत असता तर? पुन्हा माझ्याकडेच आले असते ना ते?"

मी खाली बसले. त्यांच्या पायाशी बसून रडावंसं वाटत होतं, पण रडूही येईना, नुसती भीती वाटत होती. परवा त्या कालवडीने पट्टा चघळला होता, आणि मोठीने शेवटचा चाटला होता तोच हात तिनेही चाटला होता.

तेवढ्यात गोठ्यातून टिळावाली हंबरली. आम्ही दोघंही दचकून उभे राहिलो.