कार्डाबाहेरची तांबी

मी तांबी बोलतेय. नाव ऐकून मान खाली घालू नका; तुमच्यापैकी कित्येकींनी मला बसवून घेतलंय आणि घरात कुणाला पत्ता लागू दिलेला नाही. बोटाच्या दोन पेरांएवढी माझी उंची, अंगाला तांब्याची तार गुंडाळलेली. दिवस राहू न देणं हे माझं काम, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

दुबईत अल कुसैसच्या एका क्लिनिकमध्ये, रिसेप्शनमागच्या कपाटात मी बंद पाकिटात पडून होते. माझ्याकडे कुणी फिरकत नसे. इथल्या आपल्या बायका सुट्टीत इंडियाला जातात तेव्हा दात, चष्मा आणि तांबी एकाच फेरीत उरकून येतात.

मंदी ऐन भरात होती तेव्हा, २००९ साली, वैभवी आली. नवऱ्याची, राजनची नोकरी गेलेली, पदरात दोन वर्षांची मुग्धा, आणि घर चालत होतं ते हिच्या एकटीच्या पगारावर. हिच्या ऑफिसातूनही रोज कुणीतरी खोकं भरून निघत होतं. अशात दिवस गेले तर पुढचा नंबर आपलाच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रजा मागून इंडियाला जायचीही सोय नव्हती.

रिसेप्शनवरची जेनिस वसईची. तिने इन्शुरन्सवाल्यांना फोन लावला आणि माझं नाव इतकं हळू घेतलं, की मलाच राग आला. उत्तर आलं, बाळंतपणाचा खर्च इन्शुरन्सच्या कार्डावर मिळतो, तांबीचा नाही. दिवस राहू नयेत म्हणूनच्या गोळ्याही नाहीत. म्हणजे पोर होऊ द्या, आम्ही पैसे भरतो. जपून राहिलात तर तुमचं तुम्ही बघा. असला कसला न्याय?

डॉक्टर जहांआरा भल्या बाई. त्यांनी तोडगा काढला: पाळीची तक्रार आहे असं लिहिते, मग गोळ्या कार्डावर मिळतील. सगळ्याजणी असंच करतात म्हणे.

"मेरी पाळी ठीक है, डॉक्टर," वैभवी म्हणाली. "मुझे अभी बच्चा नहीं चाहिए. वही लिखिए." मग जेनिसकडे वळून म्हणाली, "आणि तू फोनवर जरा मोठ्याने बोल गं. आपण काही चोरी करत नाही."

बाकड्यावरच्या बायका टकामका बघायला लागल्या. जेनिसने पुन्हा फोन लावला आणि खणखणीत आवाजात विचारलं. नकार आला तो आलाच. वैभवीने पदरचे दिरहॅम टाकले आणि मला बसवून घेतलं. बाकड्यावरची आणखी एक बाई उठून कपाटातल्या माझ्या शेजारणीची, दुसऱ्या तांबीची चौकशी करायला लागली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

चार वर्षं मी तिला साथ दिली. तिची नोकरी टिकली. राजनलाही शारजात काम मिळालं. आज ती परत आली, कारण आता दोघांना दुसरं मूल हवंय. मला काढायचं बिलही कार्डाने नाकारलं, ते तिने हसत हसत स्वतः भरलं.

मी आता स्टीलच्या ट्रेमध्ये पडलेय. थोड्या वेळाने कचऱ्यात जाईन, पण रडणार नाही. इन्शुरन्सवाल्यांनो, वर्षभरात तुमच्याकडे बाळंतपणाचं बिल येईल, ते निमूट भरा. ते मूल कधी यायचं हे तिने ठरवलंय. तुम्हाला कुणी विचारलेलं नाही.