दोन शतांशांचा फरक

मित्रांनो, माझ्या अंगावर १९६८ हे साल कोरलेले आहे, त्यामुळे वय चोरायची सोय नाही. मी एक जुना मायक्रोमीटर आहे. धातू कातायच्या यंत्रावर, लेथवर, कातलेला गोल दांडा किंवा शाफ्ट माझ्या दोन टोकांमध्ये धरला, की तो किती जाड आहे हे मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे एका शतांशापर्यंत, सांगतो.

माझा जन्म पूर्व जर्मनीतला, तिथे कम्युनिस्टांचे राज्य होते तेव्हाचा. अठरा वर्षांची गेरलिंडे फोग्ट लेथ चालवणाऱ्या टर्नरची परीक्षा पास झाली आणि मी तिच्या हाती आलो. कार्ल-मार्क्स-श्टाट शहरातल्या तिच्या कारखान्यात सूतगिरण्यांची यंत्रे बनत. बावीस-तेवीस वर्षे मी तिच्या एप्रनच्या खिशात राहिलो. सगळे छानच होते असे मी म्हणणार नाही. कधी पोलाद वेळेवर येत नसे. मग अख्खी पाळी कॉफीत जाई आणि कागदावर मात्र काम पूर्ण दिसे. पण गेरलिंडेने कातलेला जॉब, म्हणजे यंत्राचा भाग, कधी परत आला नाही. नवे कामगार तिच्याकडे बघून आपला हात बसवत.

मग बर्लिनची भिंत पडली. माणसे रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत होती. दोन वर्षांत आमच्या शहराचे नाव केम्निट्झ झाले, कारखान्याला कुलूप लागले आणि लेथ भंगारात गेली. मी गेरलिंडेच्या स्वयंपाकघरात, चमच्या-सुऱ्यांच्या खणात जाऊन पडलो.

बेकारांना नवा धंदा शिकवायची सरकारी योजना होती. तिला तिथे उमशूलुंग म्हणतात. गेरलिंडे आधी फुलांचे गुच्छ बांधायला शिकली, मग संगणक, मग म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा. प्रमाणपत्रे तीन मिळाली, नोकरी एकही नाही.

२००४ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की नव्या कायद्याने बेकारांचा भत्ता आटणार. दर सोमवारी लोक मोर्चे काढू लागले. गेरलिंडेही गेली. जाताना तिने मला कोटाच्या खिशात का टाकले, मला ठाऊक नाही. एका रेडिओवाल्याने तिला विचारले, "तुम्हाला नवीन काही शिकायचंच नाही का?"

"तीनदा शिकले," ती म्हणाली. "पण मला काय येतं, हे कुणी एकदाही विचारलं नाही."

कायदा आला तो आलाच. पुढच्या वर्षी गेरलिंडे मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका नव्या कारखान्यात फरशी पुसायच्या कामावर लागली. तिथे सांगलीचा एक इंजिनिअर होता, हृषिकेश पाटणकर. बिचारा अडचणीत होता. त्याच्या मशीनवर बरोबर भरलेले शाफ्ट गिऱ्हाइकाकडे पोचले की बारीक निघत. आणखी एक खेप परत आली तर ते काम जाणार होते, आणि त्याबरोबर अकरा जणांची नोकरी.

गेरलिंडे चार दिवस बघत होती. पाचव्या दिवशी तिने झाडू भिंतीला टेकवला.

"हेर पाटणकर," ती म्हणाली; जर्मनीत श्रीयुतला हेर म्हणतात. "शाफ्ट गरम असतानाच मोजताय तुम्ही."

"उतरला की लगेच मोजायचा, असं तक्त्यात लिहिलंय."

"तक्त्याला हात नसतो. तुम्ही हात लावून बघा."

दुसऱ्या दिवशी तिने मला नेले. मशीनवरून उतरलेला शाफ्ट माझ्यात धरला, आकडा लिहिला. अर्ध्या तासाने तोच शाफ्ट पुन्हा धरला. दोन शतांश कमी! हृषिकेशचा चेहरा पडला. पोलाद तापले की फुगते, हे तो पुस्तकात शिकला होता. त्याने तिथूनच वडिलांना फोन लावला. दिनकरराव सांगलीत आयुष्यभर टर्नर होते.

"बाबा, तुम्ही जॉब गार झाल्यावरच मोजायचात ना हो?"

"अरे, म्हणजे काय! गरम जॉब मोजतोस होय रे? कुणी सांगितलं म्हणे तुला?"

"इथं फरशी पुसणाऱ्या एका बाईंनी."

वडिलांनी विचारले, "त्या बाईंना फरशी कुणी पुसायला लावली?"

हृषिकेश तडक माणसे नेमणाऱ्या साहेबांकडे, हेर ब्रांटकडे गेला. आठवडाभर वाद झाला. बाईंचे वय पंचावन्न, शेवटचे प्रमाणपत्र शुश्रूषेचे. अखेर करारपत्र तयार झाले. कामाच्या रकान्यात लिहिले होते: मदतनीस.

गेरलिंडेने पेन खाली ठेवले. "हे दुरुस्त करा. मी टर्नर आहे."

"एका शब्दाचा तर फरक," ब्रांट म्हणाले. "सही नसेल करायची, तर राहू दे."

ती उठली. मला खिशात टाकून ती दाराकडे वळली.

"मग उद्यापासून मोजायला कोण उभं राहणार?" हृषिकेशने हळूच विचारले.

ब्रांटनी करारपत्र स्वतःकडे ओढले. मग त्यांनी तो शब्द खोडला आणि वर नवा लिहिला. गेरलिंडेने तो दोनदा वाचला. तेरा-चौदा वर्षांनी तिला कुणीतरी तिच्या नावाने हाक मारावी, तसा तिचा चेहरा झाला होता.

ती तिथे चार वर्षे राहिली. २००९ च्या मंदीत पाळ्या कमी झाल्या आणि ती घरी गेली. पण त्या अकराही जणांचे हात तिने बसवले होते. मला ती मोजणीच्या टेबलावर त्यांच्यासाठी ठेवून गेली.

मित्रांनो, काम झाले की मला पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, माझी टोके आवळून ठेवू नका. एवढ्यावर मी आणखी पन्नास वर्षे काढीन. माणसाच्या हातातली कला अशी तेल लावून ठेवता येत नाही. तिला रोज काम लागते. ते तिला मिळू द्या.