झरोक्याचं माप

अक्कलकुव्याच्या वाटेवर पाद्रीसाहेबाचं चर्च उभं राहत होतं, आणि साहेबाला उजेडाचं वेड लागलं होतं. वेदीवर ऊन नको, नुसता उजेड हवा, आणि तो कुठून आला हे कुणाला कळता कामा नये. म्हणून पूर्वेच्या झरोक्यासमोर चुना फासलेली आडभिंत घालायची. ऊन तिच्यावर आपटायचं आणि मऊ होऊन आत शिरायचं. उखा गवंड्याची हयात विहिरी बांधण्यात गेलेली. त्याला हे रिकामपणाचे उद्योग वाटत. पण हुकमाचा ताबेदार, करतो काय!

रोज सकाळी झरोक्याचं माप ठरवायला साहेब आणि उखा बाहेर परांचीवर चढत. आत, वेदीच्या जागी, उखाची बायको धनुबाई उभी. एरवी ती चुन्याची घमेली वाहायची. उजेड तोंडावर आला की तिने ओरडायचं. आडभिंत घालण्याआधीचे आठ दिवस तिचं एकदाही चुकलं नाही.

आडभिंत झाली आणि घोडं अडलं. उखाने बाहेरून हाक दिली, उजेड आला का म्हणून.

"अवं, उना का?"

"नही! अंधारं शे."

उखाने एक थर काढून झरोका वाढवला. नही. दुसरा काढला. तरी नही. तिसऱ्या दिवशी वरच्या कमानीला बारीक चीर गेली आणि उखाने छिन्नी खाली ठेवली.

"साहेब, आता दगड काढला तर भिंत बसेल."

"मग ती नाही का म्हणते?"

उखाने आडभिंतीच्या कडेने आत डोकावलं. वेदी लख्ख उजळली होती. धनुबाईच्या कपाळावरचं गोंदण इथून दिसत होतं. डोळे सताड उघडे.

"अवं, उना का?" त्याने हळू विचारलं.

"मी सांगं ना, नही उना!" ती वैतागली.

म्हणजे इतके दिवस ती गालावरच्या उन्हाच्या चटक्यावर सांगत होती. घरी तीन महिने भाकरी करपत होत्या आणि हा शहाणा तिच्यावर डाफरत होता. उखाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण खरं बोलावं तर ठेकेदार तिला आजच घरी पाठवेल. पाय लचकला म्हणून घमेली वाहणाऱ्या दगूबाईला त्याने त्याच दिवशी कामावरून काढलं होतं.

"आला, साहेब," उखा म्हणाला. "पुरेसा आला."

परांचीवरून उतरून आत आल्यावर साहेबाने वेदी पाहिली आणि उखाची पाठ थोपटली. "उत्तम! आता हिला उभं राहायला नको. आजपासून परत शिडीवर, चुना घेऊन."

शिडी वीस हात उंच. चुना वाहणाऱ्या सगळ्या बायांसमोर उखाच्या तोंडून निसटलं, "साहेब, तिले दिखत नही."

काम थांबलं. धनुबाई गर्रकन त्याच्याकडे वळली.

"कोन म्हनस? माले समदं दिखस!"

तिने चुन्याचं घमेलं डोक्यावर घेतलं आणि ताठ मानेने उत्तरेच्या भिंतीकडे निघाली. दगडांच्या ढिगाला वळसा घातला, कुठे ठेच लागली नाही. बाया उखाकडे रागाने बघू लागल्या. भिंतीपाशी थांबून तिने शिडी धरायला हात पुढे केला.

तिथली नेहमीची शिडी उखाने सकाळीच परांचीसाठी बाहेर नेली होती. धनुबाई एका हाताने कोरी भिंत चाचपत राहिली, आधी डावीकडे, मग उजवीकडे.