चुलीकडे निघालेली फळी

"जाळून टाका तिला! चुलीत घाला!"

हे माझ्याबद्दल चाललंय. मी फळी बोलतेय. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून समोरच्या बेटावर होडी जाते, तिच्यात चढायला वाळूवरून टाकतात ती मी. सात फूट लांब, सव्वा फूट रुंद, आणि या घडीला भर भांडणात चार माणसांच्या पायांपाशी पडलेली.

"गुळगुळीत झालीय ती, बाबा," हरेश ओरडतोय. होडी आता तोच चालवतो. "या ताईंचा हात मोडला, दिसत नाय? मी शिडी आनतो, अॅल्युमिनियमची."

"फळीला काय धाड भरलीय?" त्याचा बाप दिनानाथ. "तूच उलटी टाकलीस. एका अंगाला मी पट्ट्या ठोकल्यात त्या काय शोभेला?"

"मी टाकलीच नाय! देवीची शप्पथ."

"मग काय ती आपल्या पायांनी चालत आली?"

मला पाय नाहीत. पण पायांबद्दल काय विचारायचं ते मला विचारा.

माझा जन्म उमेळे गावातला. थॉमसच्या वाडीत मी फणसाच्या झाडात होते. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला विहीर, आणि संध्याकाळी चर्चची घंटा. वाऱ्याला कधीकधी खारट वास यायचा. हा वास कुठून येतो, हे मला झाडात असल्यापासून जाणून घ्यायचं होतं. मग वाडीच्या जागी इमारत उभी राहायची ठरली आणि झाड पडलं. त्याआधी थॉमस शेवटचे दोन फणस स्वतः उतरवून घरात घेऊन गेला. दिनानाथने मला निवडलं, कारण फणसाचं लाकूड पाण्याला दाद देत नाही. त्याने माझ्या एका अंगाला पाच आडव्या पट्ट्या ठोकल्या, पाय घसरू नये म्हणून. दुसरं अंग तसंच साफ ठेवलं. अशी मी खारट वासापाशी येऊन पोचले.

त्याला आता सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत मी माणसांचे तळवे वाचले. चेहरा माणूस आवरून घेतो, तळव्याला ते जमत नाही. बेटावरच्या शाळेतल्या बाई चपला हातात धरून येतात आणि सोमवारी त्यांची पावलं जड पडतात. नवरीची मेंदी मी पाहिली आहे, सासरी येतानाची आणि पहिल्यांदा माहेरी निघतानाची, आणि सांगते, दुसऱ्या वेळी ती जवळजवळ पळत होती. बर्फाच्या लाद्या, गॅसची सिलिंडरं, कुंकू लावलेला फ्रिज, सगळं माझ्यावरून गेलं. एक बोकड मात्र अर्ध्यावरून मागे वळला. त्याला काय कळलं होतं कोण जाणे. निवडणुकीत एक पेटी आली, वजनाला काहीच नाही, तरी तिच्याबरोबर चार जोड बूट! एवढ्याशा पेटीत असं काय असतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पण एक पाऊल मी झोपेतही ओळखीन. चांगुणाचं.

चांगुणा बेटावरची. सुकी मासळी विकते. सत्तरी कधीच उलटली. डोक्यावर पाटी, दोन्ही हात पाटीला, आणि पाय अनवाणी. हरेशने हात पुढे केला की म्हणते, "तुझा हात तुझ्या बायकोला दे." शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही. बोंबील बांधायला रद्दी आणायची, त्यातूनच अक्षरं शिकली. होडी सुटेपर्यंत माझ्यावर बसून ती जुन्या बातम्या मोठ्याने वाचायची आणि मंत्र्यांपासून क्रिकेटवाल्यांपर्यंत सगळ्यांना झाडायची. मला जगाची जी काही माहिती आहे ती तिच्या तोंडची आहे, शिव्यांसकट.

गेलं वर्षभर ती वाचत नाही. कागद लांब धरते, जवळ आणते, मग घडी घालून म्हणते, "आज बातमीच नाय काय." रोज बातमी नसते, असं कसं? मला नवल वाटायचं. मग एक दिवस तिची मुलगी स्वप्ना माझ्यावर उभी राहून दिनानाथशी बोलली, तेव्हा थोडं कळलं.

स्वप्ना विरारला फुलपाड्यात राहते. "काका, आईला डोळे दाखव म्हटलं तर अंगावर येते. एकदा जरी ती चुकली ना, मला फोन करा. मी उचलून घरी नेईन. मग होडी बंद, पाटी बंद."

"करीन," दिनानाथ म्हणाला. चांगुणा मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि खोकल्यासारखं केलं.

आता हात मोडला त्या रविवारचं ऐका. पंचमी होती. आमच्याकडे भरतीची वेळ घड्याळ सांगत नाही, तिथी सांगते. पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचारला भरती. त्यानंतर पाणी उतरतं आणि होडी वाळूत रुतून बसते. चार वाजून गेले होते, हरेश इंजिनात डिझेल ओतत होता, आणि चांगुणाला धीर कुठला!

"भरती काय तुझी बहीन आहे, थांबायला?" असं म्हणून तिने पाटी खाली ठेवली, मला ओढलं आणि टाकलं. साफ अंग वर, पट्ट्या खाली. मी ओरडले असते हो! पण लाकडाला आवाज फक्त मोडताना असतो. ती पाटी घेऊन चढून गेली. तिची बोटं जन्मभर ओल्या लाकडावर चाललेली, तिला काय होणार? तिच्या मागून विनया आली, फुलपाड्याचीच, बेटावरच्या देवीच्या दर्शनाला निघालेली, नवीकोरी चप्पल घालून. दुसऱ्या पावलाला आडवी झाली.

आज विनया परत आली आहे, हात गळ्यात बांधून. तिला बिचारीला भांडण नकोय.

"अहो काका, राहू द्या ना. दर्शन राहिलं होतं म्हणून आले मी. प्लीज, ओरडू नका त्यांना."

"ओरडू नको तर काय?" दिनानाथ वाळूत पाय आपटतो. "दोन पिढ्या या होडीतून मानसं नेली, कुनाला खरचटलं नाय. आनि हा वर खोटं बोलतो! हरेश, उद्यापासून होडीला हात लावायचा नाय. घरी बस."

 हरेशचे पाय मला दिसतात. अंगठे वाळूत रुतलेत.

"शिडी आनू नका," चांगुणा मधेच बोलते. "शिडीला दोन हात लागतात. माझे हात पाटीला असतात. मी काय दातांनी चढू?"

"मग फळी जळू दे आनि तू घरी बस, आजी," हरेश चिडून म्हणतो.

"मला घरी बसवनारा अजून जन्माला यायचाय!"

बोलली खरी, पण तिचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलं. चांगुणाचं वजन असं कधी हलत नाही.

मला चुलीचं भय नाही. फणसाचं लाकूड जळतंही छान. उद्या माझ्या जागी दुसरी फळी आली, तर एवढंच करा, टाकण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवा. डोळ्यांवर विसंबू नका. आणि मला एकच उत्सुकता आहे. इतकी वर्षं ही बाई मंत्र्यांना सोडत नव्हती. स्वतःला सोडेल का?

"जळू दे तर जळू दे," म्हणत दिनानाथ वाकून माझं एक टोक उचलतो. हरेश दुसऱ्या टोकाला येत नाही. चांगुणा डोक्यावरची पाटी उतरवते, कुणाचा हात न घेता, आणि माझ्यावर ठेवते. मग पदराने तोंड पुसते.

"फळी मी टाकली, दिनानाथ, आनि पट्ट्या मला दिसल्या नाय, लाव स्वप्नाला फोन."