ज्या घरात खेळ असतो

बाईंना त्यांच्या लहानपणाविषयी एकदा बोलतं केलं की मग घड्याळाकडे पाहायचं नाही, असं त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या मुली एकमेकींना डोळ्यांनीच बजावत. तोंडावर चिडवतही. पण बाई ते हसून घेत, कारण त्या घराच्या नुसत्या आठवणीनं त्यांचं काळीज सुपाएवढं होई. मागच्या खोलीतलं पांघरुणांचं कपाट, त्यातला उन्हात वाळवलेल्या कापसाचा उबदार वास, आणि संध्याकाळी जिन्यावर बाबांची पावलं वाजली रे वाजली की थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, त्यांना उचलून त्या कपाटात कोंबणं. लपायचा खेळ! “ढब्बू, माझं गाणं संपेपर्यंत हूं की चूं करायचं नाही,” असा दम देऊन ताई दार लावी आणि बाहेरून त्याला पाठ टेकून मोठमोठ्यानं गाऊ लागे. ढब्बूचं लग्न जमेना, उंदीर नवरा मिळेना, असलं काहीतरी आचरट गाणं. ताईनंच रचलेलं, त्या दोघींपलीकडे कुणालाही ठाऊक नसलेलं. पांघरुणांत गुरफटून ढब्बू खुदुखुदु हसे आणि हसता हसताच झोपी जाई. इतकं गोड लहानपण कुणाच्या वाट्याला येतं हो?

पुढे बाईंनी आयुष्य घातलं ते मात्र मारझोडीच्या घरांतल्या मुलांवर. अशा घरातून काढून आणलेलं मूल परत पाठवावं की नाही, याबद्दल त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. इतर अभ्यासक मुलांना जखमांबद्दल खोदून खोदून विचारत. बाई एवढंच विचारत, की घरी काय खेळता? मूल आढेवेढे न घेता, हसत खेळ सांगू लागलं की बाईंच्या लेखी निम्मा निकाल लागला. ज्या घरात खेळ असतो त्या घरात मार नसतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आणि त्यावर बोट ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती.

त्या दुपारी त्यांच्यासमोर बसलेली मुलगी पाचसहा वर्षांची होती. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून तिला घरातून इथे आणलेलं. दंडावर एक जुना डाग होता. पडली, असं बाप सांगत होता. तो बाहेर बाकावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लेकीसाठी आणलेली नवी चप्पल. बोलण्यात नम्र, दिसायला अगदी गरीब गाय. बाईंनी हो म्हटलं की तो तिला लगेच घरी नेणार होता.

“मग, घरी काय खेळता?” बाईंनी विचारलं.

“लपायचं!” मुलगी एकदम खुलली. “बाबा आले की ताई मला कपाटात ठेवते. मग बाहेर बसून गाणं म्हणते.”

अगं बाई, हे तर आपलंच! बाईंना भरून आलं. होकार त्यांच्या ओठांवर आलाच होता, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की मुलगी एकुलती एक आहे.

“ही ताई कुठली गं? शेजारची?”

“शेजारची कशाला? ताई!” एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेनं मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाय हलवत गाऊ लागली. ढब्बूचं लग्न जमेना, उंदीर नवरा मिळेना.

हे गाणं तुला कुणी शिकवलं, असं बाईंना विचारायचं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. प्रश्न आपोआप बाहेर पडला.

“बाबा ताईला शोधत नाहीत?”

“तिला काय शोधायचं? ती बाहेरच असते ना.” मुलगी हसली. “मग धपाधप वाजतं. गाणं थांबतं. मग परत सुरू होतं, पण नाकातून.” आणि तिनं तो सूर काढून दाखवला.

तो शेंबडा सूर! बाई लहानपणी ताईची तीच नक्कल करून दाखवायच्या, आणि ताई त्यांना जवळ घेऊन हसायची. किती वेळा केली असेल ती नक्कल. आता त्यांना तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याहीपेक्षा भीती वाटली, साधी लहान मुलासारखी भीती.

दारावर हलकी टकटक झाली. “मॅडम, नेऊ ना पोरीला?” बापानं अदबीनं विचारलं.

“थांबा जरा,” असं कसंबसं म्हणून बाई खिडकीशी गेल्या आणि त्यांनी ताईला फोन लावला. ताई दूरच्या गावी लेकाकडे असे. दुपारची ही वेळ तिची झोपेची. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग फोन उचलला गेला, आणि नुसतीच धाप ऐकू आली.

“ताई, मी बोलतेय,” बाई म्हणाल्या.

“तिला पाठवू नकोस, ढब्बू,” ताई म्हणाली. “माझ्याच्यानं आता दार धरवत नाही गं.”