चऱ्होलीच्या रानातला दोर

मित्रांनो, चऱ्होलीत एका मोकळ्या प्लॉटवर गंजत उभा असलेला तो जुना ट्रॅक्टर म्हणजे मीच. शोरूममधून आलो तेव्हा मला हार घातला होता, गावभर पेढे वाटले होते. शेतं होती तोवर मी नांगर ओढला. शेतांचे प्लॉट झाले आणि माझ्या पाठीला मल्चर लागला. त्याच्या फिरत्या रोलरला लटकलेली पाती गवताचा, झुडपांचा पार भुगा करतात. लोक मला शाबासकी देत, अंघोळ मात्र कुणी घालत नसे.

माझा चालक भीमराज लातूरकडचा, देवभोळा माणूस. गेल्या उन्हाळ्यात आम्ही याच प्लॉटवर रान काढायला आलो. जुन्या मालकीण शालनबाईंनी हे शेत विकून बरीच वर्षं झाली होती. घाणेरी आणि गाजरगवत माणसाच्या डोक्यावर गेलं होतं. अशा रानात मला उलटं घालतात, पाती आधी आणि मी मागून.

मध्यावर भीमराजला शेंदूर फासलेले सात दगड ओळीने मांडलेले दिसले. त्याच्या गावी असे दगड बांधावर असतात, म्हसोबाचे. पात्यांनी देव फुटायला नको म्हणून त्याने चपला काढल्या, एकेक दगड उचलून लांब बांधावर नेऊन ठेवला आणि मनोभावे हात जोडले.

मी पुन्हा मागे सरकू लागलो, तेव्हा माझाच आवाज मला जमिनीखालून ऐकू आला. भर उन्हात मागून गार हवा येत होती. मी घाबरलो, पण ट्रॅक्टरला बोलता कुठे येतं?

तेवढ्यात एक जाड दोर रोलरला गुंडाळला गेला आणि मी गचका खाऊन बंद पडलो. ताठ ताणलेला तो दोर दाट वेलांत शिरला होता. भीमराज कोयता घेऊन त्या वेलांकडे निघाला.

"थांब रं लेकरा," बांधावरून हाक आली. नैवेद्याची ताटली घेऊन शालनबाई उभ्या होत्या. "हितल्या आसरा कुनी उचलल्या?"

"म्या बांधावर ठेवल्या, आजी. म्हसोबा हाय ना त्यो?"

"म्हसोबा न्हाई बाबा. साती आसरा हायेत. त्या पान्याच्या काठालाच बसत्यात. तुज्या म्होरं विहीर हाय."

भीमराजने उचललेला पाय हळूच मागे घेतला. त्याने एक ढेकूळ पुढे टाकलं. ते वेलांतून आत गेलं आणि पडल्याचा आवाज काही आला नाही. मग तो आल्या पावली मागे फिरला.

त्याने माझ्याजवळच दोर कापला. दोर पडला नाही. कुणी हातांनी ओढून घ्यावा तसा, थांबत थांबत आत गेला.

"खाली पंप हाय का, आजी?"

"पंप कवाच काडला. खाली कायबी न्हाई."

आसरा पुन्हा काठावर बसल्या. भीमराज आता कुठल्याही रानात आधी काठीने चाचपत फिरतो, जुन्या माणसांना विचारतो. मी पुन्हा सुरू झालोच नाही, तेव्हा माझ्या मालकाने त्याला नवा ट्रॅक्टर दिला आणि मला इथेच सोडलं.

मित्रांनो, एक विनंती आहे. काम झालं की यंत्र धुवा, त्यात गुंतलेलं सोडवा. त्या दोराचं टोक अजून माझ्या रोलरवर आहे. तेवढं कुणीतरी काढा. सगळे घरी गेले की त्या कापलेल्या टोकालाही हिसका बसतो, आणि परवापासून मी हातभर मागे सरकलो आहे.