दादाची वायर

बाबांनी स्वतःच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी तीन मॉनिटर आणले. जेवायच्या टेबलाभोवतीच्या तीन खुर्च्यांवर तीन खोकी ठेवली आणि हाक मारली, "बारक्या, जोड."

मी सहा फूट आहे. पण तिघांत शेवटचा जन्मलो, म्हणून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

"कशाला जोडू?"

"जेवायला. एकात दादा, एकात ताई. लॅपटॉपला लाव आणि बसव दोघांना."

"आणि तिसरा?"

"तुझ्यासाठी."

"बाबा, मी याच घरात राहतो."

"राहतोस का? दिसत नाहीस. म्हटलं, पडद्यावर आलास तर निदान चेहरा बघायला मिळेल."

हे ते विनोद म्हणून बोलले नव्हते. आमच्याकडे विनोदाचं खातं माझ्याकडे आहे. बाबा फक्त खरं बोलतात, असा त्या दिवसापर्यंत आम्हा तिघांचाही समज होता.

दादा आणि ताई एकमेकांशी बोलत नव्हते, त्याला चार वर्षं झाली होती. आईच्या आजारपणात दादा म्हणत होता, ऑपरेशन करा. ताई म्हणत होती, नका करू, घरी आणा. ऑपरेशन झालं आणि आई घरी आली नाही. तेव्हापासून दोघं दोन गावांत, दोन तोंडं दोन दिशांना. बाबांना मात्र दोघंही न चुकता फोन करायचे. दर रविवारी, दादा सकाळी आणि ताई संध्याकाळी. मधल्या वेळात बाबा माझ्याशी बोलायचे, म्हणजे "दूध उतू जातंय बघ," इतपत.

या वाढदिवसाला दोघांनी एका टेबलावर बसावं आणि एकमेकांशी चार शब्द बोलावेत, एवढंच बाबांना हवं होतं. प्रत्यक्ष बोलावलं असतं तर एकाने विचारलं असतं, दुसरा येणार आहे का. मॉनिटर असे प्रश्न विचारत नाहीत.

मी कामाला लागलो. बाबांचा लॅपटॉप त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून त्यांच्याबरोबरच रिटायर झालेला. त्याला बाहेरचे दोनच पडदे झेपत होते. तिसरा लावला की त्यावर दुसऱ्याचंच चित्र यायचं. म्हणजे टेबलावर एक दादा आणि दोन ताया. दादाला एक झेपत नव्हती.

"मग तिसरा काढ," बाबा म्हणाले.

तिसरा काढला. अशा रीतीने मी परत खोक्यात गेलो.

राहिलेले दोन मॉनिटर समोरासमोरच्या खुर्च्यांवर चढवले. पण बसके होते, पडदा टेबलाच्या वर येईना. तेव्हा ताईखाली आईचा शिवणकामाचा डबा सरकवला आणि दादाखाली ताईच्या दहावीच्या पुस्तकांचा गठ्ठा. लॅपटॉप बाबांच्या समोरच्या टोकाला. त्याच्या कॅमेऱ्यात बाबा, भांडी आणि दोन्ही बाजूंना मॉनिटरच्या कडा, खाली सरकवलेल्या सामानासकट, दिसत होत्या. दोघं एकाच कॉलवर आले की एकाची खिडकी डाव्या पडद्यावर ढकलायची, दुसऱ्याची उजव्या. सोपं होतं.

फक्त दादाची वायर आखूड पडली. मध्ये एक जोड द्यावा लागला आणि तो जोड सैल निघाला. टेबलाखाली लोंबणारा तो जोड बोटांनी दाबून धरला की चित्र, सोडला की अंधार.

"मग धर," बाबा म्हणाले.

"किती वेळ?"

"जेवण होईपर्यंत."

म्हणून वडिलांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी टेबलाखाली मांडी घालून, मान वाकडी करून, थोरल्या भावाला चिमटीत धरून बसलो.

कॉल लागला.

"बाबा, ही येणार आहे हे तुम्ही सांगितलं नव्हतंत," दादा म्हणाला.

"मलाही नाही सांगितलं," ताई म्हणाली.

चार वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"आज कोणी कॉल कापला तर मी जेवणार नाही," बाबा म्हणाले. "सत्तर वर्षांचा माणूस उपाशी ठेवायचा असेल तर कापा खुशाल."

कोणी कापला नाही.

"बारक्या कुठाय?" ताईने विचारलं.

"कामात आहे."

"त्याला कसलं काम?" दादा म्हणाला.

मी क्षणभर बोटं सैल करावीत का, असा विचार केला.

टेबलाखालून मला फक्त बाबांचे पाय दिसत होते. आयुष्यभर त्यांनी नवशिक्यांच्या शेजारी बसून आपल्या बाजूचा ब्रेक दाबला होता. अजूनही धोका दिसला की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. दादा बोलला की पाय दाबला जायचा. ताई बोलली की पुन्हा. मधे दोघं बाबांशी हवापाण्याचं बोलले तेव्हा जरा सैल झाला. मग बाबा उठले.

"भात आणतो."

"टेबलावर आहे की भात," ताई म्हणाली.

"मग दुसरा आणतो." पाय स्वयंपाकघराकडे गेले आणि दाराआड जाऊन थांबले. भांड्याचा आवाजही आला नाही. तिथवर बोलण्याचा आवाज पोचतो, शब्द नाहीत.



"ठमे," दादा म्हणाला.

ताईला या नावाने जगात तो एकटाच हाक मारतो.

"काय?"

"तू आईच्या शिवणाच्या डब्यावर बसली आहेस."

"दिसलं मला. आणि तुझ्याखाली माझी दहावीची पुस्तकं आहेत. शेवटी एकदाचा आलास त्यांच्या संपर्कात."

दादा हसला. त्याला हसताना ऐकून मला हा कोण नवीन माणूस आला असं वाटलं.

"दादा, मी तेव्हा फोनवर 'तू मारलंस तिला' म्हणाले होते."

"मीही काही कमी बोललो नाही."

"नाही, पण ते मी म्हणाले होते."

"ठमे, तुझं ऐकलं असतं तर ती चार दिवस तरी आपल्या पलंगावर झोपली असती. रोज वाटतं मला."

"आणि मला वाटतं, मी अडवलं नसतं, ऑपरेशन आठ दिवस आधी झालं असतं, तर."

म्हणजे भांडता भांडता दोघं कधीच एकमेकांच्या बाजूला जाऊन बसले होते आणि कोणी कोणाला कळवलंच नव्हतं.

इथे माझ्या नाकाला खाज सुटली. नाकालाच, डोळ्यांना नाही, यावर मी ठाम आहे. मी एकच हात वर नेला. चुकून वायरचा.

जोड सुटला. दादाचा पडदा काळा पडला. आता, पडदा गेला म्हणून खिडकी जात नाही. ती उरलेल्या पडद्यावर उडी मारते. दादा टेबल ओलांडून ताईच्या मॉनिटरवर गेला आणि तिच्या खिडकीमागे झाकला गेला. कॉल चालू होता. त्याला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. फक्त तो खोलीत कोणाला दिसत नव्हता.

नेमके तेव्हाच बाबा रिकामं पातेलं घेऊन आले. लहानपणी पकडले गेल्यावर व्हायचे तसे दोघं गप्प झाले. बाबा दादाच्या काळ्या पडद्यासमोर थांबले.

"गेला ना?"

"बाबा, तो..." ताई म्हणाली.

"राहू दे. त्याचं नेहमीचंच आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस." बाबा आपल्या खुर्चीत बसले. पाय एकदम सैल होते, उतारावर न्यूट्रलला टाकल्यासारखे. "तुझंच बरोबर होतं. त्याने ऑपरेशनचा हट्ट धरला नसता तर तुझी आई आज इथे असती."

मी टेबलाखाली जोड जिवाच्या आकांताने आत खुपसत होतो. लागत नव्हता.

"बाबा," दादाचा आवाज आला, "मी इथेच आहे."

बाबांनी ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं असणार, कारण त्यांची खुर्ची करकरली.

"हे वाक्य मला पाठ आहे," दादा म्हणाला. "फक्त मला सांगता तेव्हा त्यात ठमी असते. तिने अडवून धरलं नसतं तर तुझी आई आज इथे असती. तुझंच बरोबर होतं. रविवारी सकाळी."

"मला संध्याकाळी," ताई म्हणाली.

तेवढ्यात जोड लागला. दादा परत आपल्या खुर्चीत आला. इतक्या चुकीच्या वेळी तंत्रज्ञान चाललेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाबांचा पाय जमिनीवर पूर्ण दाबला गेला होता. पण गाडी थांबेना.

"का, बाबा?" ताईने विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सही माझी होती," बाबा म्हणाले. "तुम्ही दोघं भांडत होतात, डॉक्टर थांबले होते, आणि सही मी केली. मी दोघांनाही 'तुझंच बरोबर' म्हटलं की तुम्ही एकमेकांकडे बघायचात. माझ्याकडे कोणी बघायचं नाही." मग जरा थांबून, "आणि फोनही दोघांचे यायचे."

"जेवा तुम्ही," दादा म्हणाला आणि गेला.

"नंतर बोलते, बाबा." ताईही गेली.

आता वायर धरण्यात अर्थ नव्हता. मी बाहेर आलो. पायाला मुंग्या आल्या होत्या, मान मॉनिटरच्या स्टँडसारखी एकाच कोनात अडकली होती. बाबा फोन कानाला लावून बसले होते.

"दादाचा बिझी आहे." त्यांनी दुसरा नंबर लावला. "ताईचाही."

"एकमेकांशी बोलत असतील."

"हो."

"हेच हवं होतं ना तुम्हाला?"

"हेच," बाबा म्हणाले आणि ताटातला भात या बाजूचा त्या बाजूला केला.

मी दादाचा मॉनिटर खाली उतरवून त्याच्या खुर्चीत बसलो. बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. एवढं तर त्यांनी मी दाढी करायला लागलो तेव्हाही बघितलं नव्हतं.

"तुला कधी म्हणालो का मी, तुझं बरोबर होतं म्हणून?"

"मला काय वाटतं ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"काय वाटत होतं?"

माझ्याकडे विनोद तयार होता. बरा होता. पण तो बाहेर येईना.

"मला वाटत होतं, कोणीतरी आईला विचारावं."

बाबांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत होते. मग पातेलं माझ्याकडे सरकवलं. ते रिकामं आहे हे दोघांच्याही लक्षात आलं, पण मी त्यातून वाढून घेतल्यासारखं केलं.

थोड्या वेळाने त्यांनी फोन स्पीकरवर टाकून परत लावला. तीच बाई त्याच आवाजात म्हणाली, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. बाबांनी बोट वर करून मला गप्प केलं आणि तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "अजून बोलतायत."

टेबलाखाली त्यांचा पाय जमिनीवर तसाच दाबलेला होता. आता तो मला वरूनही कळत होता.